शब्दवेध : अल्बम
‘अल्बम’चे मूळ लॅटिन ‘आल्बस’ म्हणजे पांढरा. प्राचीन रोममध्ये जाहीर सूचनांच्या पांढऱ्या फळीला हे नाव होते. पुढे ते सह्या, छायाचित्रे जपणाऱ्या वहीला मिळाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या गाण्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटे मावत, म्हणून अनेक तबकड्या वहीसारख्या बांधून विकत. १९४८मध्ये एलपी, म्हणजे दीर्घकाळ वाजणारी तबकडी, आली. वही गेली, नाव उरले.

संग्रहाचा हा अर्थ रॉकच्या चाहत्याने जपावा. बीटल्सच्या १९६८च्या पांढऱ्या वेष्टनातल्या दुहेरी अल्बममध्ये ३० गाणी आहेत. त्यातली दुबळी गाळावीत, हा आक्षेप जुना आहे. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनाही एकच तबकडी पुरेशी वाटे. पण ‘हेल्टर स्केल्टर’च्या कल्लोळानंतर लगेच येणारे ‘लाँग, लाँग, लाँग’ सुटे ऐकले तर त्याची शांतता निम्मी होते. मत जरूर ठाम असावे. आधी अल्बम अखंड ऐकावा.