साडेसहा आणे आणि एक आणा

बडोदे संस्थानचा मुलूख सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली या प्रांतांचे तुकडे इंग्रजी अंमलाखालील गुजरातेत आणि काठियावाडात विखुरलेले होते. कित्येक ठिकाणी गावाची शीव ओलांडली की राज्य बदले. भाषा, पाऊसपाणी आणि पिके मात्र तीच राहत. त्यामुळे प्राथमिक शिक्षणावर या दोन शेजारी राजवटींनी काय खर्च केला, हे पाहणे विशेष उद्बोधक ठरते. प्रजा सारखी, फरक राज्यकर्त्यांच्या धोरणाचा.

१८८१ साली राज्याची सूत्रे हाती घेतलेल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९०६ मध्ये, तो कायद्याने साऱ्या संस्थानास लागू झाला. त्यातून मुलींना वगळलेले नव्हते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे.

हा दाखला अखिल भारतीय व्यासपीठावर नेला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. मार्च १९१० मध्ये मध्यवर्ती कायदे कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचा ठराव मांडताना आणि पुढे १९११ च्या विधेयकाच्या वेळी त्यांनी आकड्यांचीच भाषा वापरली. प्राथमिक शिक्षणावर बडोद्यात दरडोई वार्षिक साडेसहा पेनी खर्च होत, तर ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम एक पेनी. त्या काळच्या विनिमयाच्या दराने रुपया सोळा पेनींचा होता. म्हणजे पेनी आणि आणा बरोबरीचे. एका बाजूस साडेसहा आणे, दुसऱ्या बाजूस एक आणा!

गोखल्यांचे विधेयक अत्यंत सौम्य होते. सक्ती करावी की नाही, हे स्थानिक संस्थांनी ठरवावयाचे होते. तरीही बहुतेक प्रांतिक सरकारे प्रतिकूल राहिली आणि मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. तत्पूर्वी, डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपये देण्याची घोषणा झाली होती. रक्कम ऐकावयास भव्य वाटते. परंतु सुमारे २४ कोटी प्रजेत ती वाटली, तर माणशी आण्याचा तिसरा हिस्सा येतो.

वीस लाख वस्तीच्या संस्थानाची बरोबरी खंडप्राय मुलखाशी कशी करावी, हा आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. इंग्रजी तिजोरीवर लष्कराचा भार प्रचंड होता. मात्र पैसा कोठून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढील निवेदनात विचारला होता. सरकारी महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, मग शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांनाच का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी होती.

अर्थात, साडेसहा आण्यांनीही सारे साधले नाही. शाळा सुटली की अक्षरे विसरली जातात, हा अनुभव बडोद्यासही आला. यावर उपाय म्हणूनच १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांची योजना आखण्यात आली. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी आणि तेवढीच भर संस्थानाने व प्रांत पंचायतीने घालावी, अशी तिची रीत होती. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या जात. शाळेवरील खर्च वाया जाऊ नये म्हणून ग्रंथालयावर खर्च करावयाचा, हा विचार त्या काळी अपूर्वच म्हटला पाहिजे.

शिक्षण हा बालकांचा मूलभूत हक्क आहे, हे राज्यघटनेत २००२ साली नमूद झाले. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखल्यांच्या ठरावास तेव्हा नुकतीच शंभर वर्षे पूर्ण झाली होती. एका आण्याच्या हिशेबात ज्या पिढ्या निरक्षर राहिल्या, त्यांची भरपाई कोणत्याही अंदाजपत्रकात होणे नाही. ग्रंथालयाच्या सभासदाने मात्र एवढे जाणून असावे, की आपण भरतो ती वर्गणी त्याच तिहेरी हिश्शातील लोकांचा वाटा आहे.