वल्हें आणि सनद

कॅनडाचा इतिहास शिकवितांना आम्ही अनेक वर्षें १६७० च्या राजसनदेपासून आरंभ करीत आलों. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें त्या वर्षीं हडसन बे कंपनीस व्यापाराची सनद दिली. १७६३ च्या तहानें कॅनडांतील फ्रेंच सत्ता संपली. माँट्रियलच्या व्यापाऱ्यांनीं १७७९ त नॉर्थ वेस्ट कंपनीची भागी जमविली व १८२१ त ती जुन्या कंपनींत विलीन झाली. हा क्रम बिनचूक आहे. परंतु एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, हा माल हजारों मैल नेला कशानें?" तेव्हां "नावांनीं" यापलीकडे आम्हांस कांहीं सांगतां आलें नाहीं. त्या अपुऱ्या उत्तराची ही उशिरांची भरपाई होय.

आपल्या भाषेंत 'वल्हें' हा एकच शब्द दोन भिन्न साधनांस लागू पडतो. कोंकणच्या होडीचें लांब वल्हें कांठास अडकविलेलें असतें, व बसून तें ओढणारा बहुधा जाण्याच्या दिशेकडे पाठ करून असतो. उत्तर अमेरिकेंतील कनू नांवाच्या हलक्या नावेचें वल्हें कशासही बांधलेलें नसतें. तें दोन्ही हातांत मोकळें धरून वल्हविणारा पुढें पाहत असतो. पाण्याखालचा खडक जेथें क्षणोक्षणीं चुकवावयाचा, तेथें हा भेद जीवनमरणाचा ठरतो. बर्चच्या सालीची ही नाव आणि तिचें वल्हें हीं अनिशिनाबे, क्री इत्यादि तेथील मूळच्या लोकांचीं निर्मिति. युरोपीय व्यापाऱ्यांनीं तीं आयतीं उचललीं.

बीव्हरच्या लोकरीच्या टोप्यांची युरोपांत मोठी चाल होती. त्या कातड्यांसाठीं माँट्रियलजवळच्या लाशीनहून वसंताच्या अखेरीस मोठ्या कनू निघत. त्यांची लांबी सुमारें ३६ फूट. मधल्या मंडळींचीं वल्हीं आंखूड व अरुंद पात्याचीं असत. नाळेवरचा वाटाड्या आणि मागचा सुकाणूदार यांचीं त्याहून लांब. अरुंद पातें कां, याचें उत्तर साध्या गणितांत आहे. मिनिटाला चाळीस फटके व दिवसाचे बारा तास धरले, तरी २८,८०० फटके होतात. रुंद पातें एका फटक्यास अधिक पाणी ओढील खरें, पण संध्याकाळपर्यंत खांदा निकामी करील.

असें वल्हें घडविणें हें वरवर पाहतां सोपें काम. वस्तुतः त्यांत फार विवेक लागतो. ॲश, मेपल किंवा बर्च यांचें सरळ तंतूंचें, बिनगांठीचें लांकूड निवडावयाचें. तें फाडून काढलें तर चीर तंतूंच्या मागोमाग जाते. करवत मात्र वांकडे तंतू मध्येंच छेदते, आणि वल्हें नेमकें तेथेंच मोडतें. मधोमध रेघ आंखून कुऱ्हाडीनें ओबडधोबड आकार दिला, कीं पुढचें काम वांकड्या पात्याच्या सुरीचें. ती एका हातानें आपल्याकडे ओढून चालवितात. त्यामुळें दुसरा हात लांकूड धरावयास मोकळा राहतो. दांड्याकडून टोंकाकडे पातें पातळ होत जातें, कडा बारीक होतात. मध्यें किंचित् कणा राखावयाचा. एक तासणी अधिक झाली तर ती परत बसवितां येत नाहीं.

पण घडविण्याइतकेंच महत्त्व राखण्यास आहे. पात्याच्या टोंकाशीं तंतूंचीं तोंडें उघडीं असतात. तेथून पाणी शिरतें व फूट पडते. म्हणून वल्ह्यानें खडक ढकलूं नये, तें टोंकावर उभें करून त्यावर भार देऊं नये, उन्हांत टाकूं नये. सावलींत टांगून ठेवावें. हल्लींचे जाणकार पात्यास रोगण देतात, पण मुठीस केवळ जवसाचें तेल चोळतात, कारण रोगणाच्या मुठीनें तळहातास फोड येतात. मात्र त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेटूं शकतो, हें ध्यानांत असावें.

फ्रान्सेस ॲन हॉपकिन्स ही कंपनीच्या एका अधिकाऱ्याची पत्नी. तिनें १८६९ त काढलेल्या चित्रांत धबधब्याजवळून जाणारी एक कनू आहे, आणि त्या नावेंत चित्रकर्त्रीनें स्वतःसही बसविलें आहे. तिचें नांव आपणांस ठाऊक आहे. भोंवतीं बसून वल्हीं मारणाऱ्यांचीं नांवें चित्र सांगत नाहीं, आणि तीं वल्हीं कोणीं तासलीं हें तर त्याहून नाहीं. आम्हींही इतकीं वर्षें तेंच केलें: भागीदारांचीं नांवें पाठ करविलीं, आणि ज्यांच्या खांद्यांवर ती भागी चालली त्यांस 'नावांनीं' या एका शब्दांत गुंडाळलें.

ज्या कंपनीच्या सनदेनें आमचा तास सुरू होई, तिचीं उरलेलीं दुकानें २०२५ च्या जूनमध्यें बंद झालीं. वल्हें मात्र आजही जवळजवळ त्याच आकारांत तासलें जातें, आणि त्याच कारणांसाठीं. आतां आमचा पहिला तास वल्ह्याचा असतो. सनद दुसऱ्या तासास येते.