मुरगाव : कागदावर राहिलेली राजधानी

गोव्याच्या इतिहासात एक शहर असे आहे की ज्याचा विचार झाला, ठराव झाला, राजाची मंजुरी आली, पायाही घातला गेला, पैसा आणि माणसे खर्ची पडली. पण ते शहर काही झाले नाही. मुरगावच्या टेकाडावर पोर्तुगीजांना आपली नवी राजधानी वसवायची होती. हा उद्योग सुमारे अठ्ठावीस वर्षे चालला. आपल्याकडे जुन्या गोव्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, पणजीविषयीही. या न झालेल्या शहराविषयी मात्र दोन ओळींपलीकडे कुणी जात नाही. त्याची सुरुवात आपल्या डिचोली-फोंड्याच्या बाजूने झाली, म्हणून तरी ती आपल्या घरांतून माहीत असावी.

१६८३ साली डिचोली महाल छत्रपती संभाजीराजांच्या अमलाखाली होता. पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती त्यानंतर शंभर वर्षांनी, डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये. हे आज अनेकांच्या ध्यानात नसते. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये करविला. त्या नार्व्यासमोर दिवाडी बेट आणि बेटापलीकडे पोर्तुगीजांची राजधानी. म्हणजे दोन सत्तांच्या मध्ये होते ते केवळ पाणी, आणि ओहोटीला तेही बेताचेच.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर विजरई कोंद द आल्व्होर, म्हणजे फ्रांसिस्कु द ताव्होरा, फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला झुंजविला, संभाजीराजे स्वतः कुमकेला आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. पुढे २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठे ओहोटी साधून जुवे बेटावर उतरले. दुसऱ्या दिवशी विजरई त्यांना हुसकायला गेला आणि जखमी होऊन कसाबसा परतला. खाडीत राजांचा घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना सावरले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रात्री पलीकडच्या तीरावर काय झाले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. विजरई बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला, संत फ्रांसिस झेवियरची शवपेटी त्याने उघडविली आणि आपला अधिकारदंड संताच्या देहापाशी ठेवला. आता तूच राज्य सांभाळ, असा त्याचा अर्थ. पराक्रमाची मोजणी करायची असेल तर मला वाटते या एका कृतीवरून करावी. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरे धुंडाळून हा सगळा काळ मराठीत आणला, त्यामुळेच आपल्याला नदीच्या दोन्ही तीरांवरून तो पाहता येतो.

मोगल शाहजादा शाहआलम रामघाटाने खाली उतरत असल्याची खबर आली, राजांना मागे फिरावे लागले आणि शहर वाचले. पण भीती राहिली. १६८४ च्या आरंभी विजरईने सभा भरविली आणि राजधानी मुरगावला हलवावी असे ठरले. जागेची निवड चुकीची नव्हती. मुरगाव झुआरीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाणी, वर १६२४ मध्ये सुरू झालेला किल्ला. शिवाय पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो आणि जहाजांना आत येता येत नाही. मुरगावचे बंदर तेव्हाही उघडे राहते. ज्याने कागदावर रेघा ओढल्या त्याने नकाशा नीट पाहिला होता.

मग अडले कुठे? एक तर शहर म्हणजे जागा नव्हे. जुन्या गोव्यात ज्यांचे वाडे, मठ आणि चर्चे होती, त्यांना ती सोडवत नव्हती. दुसरे, विजरई साधारण तीन-चार वर्षांत बदलत. एकाने काम रेटावे, दुसऱ्याने थंड करावे, तिसऱ्याने लिस्बनला पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी. पत्र जाऊन उत्तर यायला एक-दीड वर्ष लागे, आणि तोवर जांभ्या दगडाच्या अर्ध्या भिंतींवर दोन पावसाळे कोसळून जात. कायतानु द मेलु इ कास्त्रु या विजरईने १७०३ च्या सुमारास स्वतः तिथे मुक्काम केला आणि काम पुढे नेले. पण १७१२ मध्ये राजाचा हुकूम आला, की काम थांबवा. एवढ्यावर ते शहर संपले.

आता माझ्या धंद्याचे थोडे बोलतो. जुने गोवे संभाजीराजांच्या स्वारीने ओस पडले असे काही जण अभिमानाने सांगतात. शहर हलविण्याचा विचार स्वारीने दिला, हे खरे. शहर रिकामे केले ते मात्र रोगाने, आणि त्याचे काम स्वारीच्या आधी दीडशे वर्षे सुरू होते. १५४३ मध्ये तिथे पटकीची भयंकर साथ आली. इतकी माणसे मेली की चर्चच्या मरणघंटा वाजविण्यास बंदी करावी लागली. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले. पोर्तुगीजांनी त्याला नाव दिले ‘मोर्देशीं’. हा शब्द कुठला? आपल्या आज्या पोट बिघडले की ‘मोडशी झाली’ म्हणत, तीच ही मोडशी. पुढे फ्रेंचांनी त्याचा कान पकडून ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ लावला. आपला घरगुती शब्द असा जगभर फिरला, पण फिरला मरणाच्या संगतीने.

कारण साधे होते. जांभ्याची भुसभुशीत जमीन, तिच्यात शोषखड्डे आणि त्यांच्याच शेजारी विहिरी. पटकी पिण्याच्या पाण्यातून पसरते, हे जॉन स्नोने लंडनमध्ये दाखविले ते १८५४ मध्ये. तोवर सगळे हवेला दोष देत राहिले. श्रीमंत घरे सोडून गेली, तशा बागा रानटल्या, हौदांत पाणी साचले आणि हिवतापाला मोकळे रान मिळाले. मी होमिओपॅथीचा माणूस, गोळ्यांवर माझी श्रद्धा आहे आणि पोटही. पण शहराची विहीर नासली की ती गोळीने सुधारत नाही, हे मी चाळीस वर्षांच्या व्यवसायानंतर निःसंकोच सांगतो. आमच्या जैन घरांत पाणी गाळून पितात. हेतू सूक्ष्म जीवांच्या रक्षणाचा, आपल्या नव्हे. पण बांगलादेशातील गावांत जुन्या साडीच्या घड्या करून पाणी गाळले तर पटकी जवळजवळ निम्म्याने घटते, असा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मला आमच्या घरातले गाळण्याचे फडके आठवले. असो.

पोर्तुगीजांनी यातून धडा घेतला म्हणावे, तर तेही नाही. १७५९ मध्ये विजरई पणजीला आदिलशहाच्या वाड्यात राहायला गेला. आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी लिस्बनहून मार्केझ द पोंबालने फर्मावले, की जुने शहर पुन्हा उभारा! १७७७ च्या सुमारास कामे लागली. मजूर तापाने पटापट मरू लागले, आणि काही वर्षांत तोही बेत सोडून द्यावा लागला. हे मजूर कोण होते? विजरयांची नावे, त्यांच्या कुळांसकट, दफ्तरात आहेत. दगड वाहणाऱ्यांची नाहीत. ती माणसे याच मुलखातली, आपल्यासारख्यांच्या घरातली. म्हणून हा भाग वाचताना मी जरा थांबतो.

पणजी कुणाच्या एका ठरावाने उभी राहिली नाही. माणसे आधी गेली, दलदली भरल्या, रस्ते झाले, आणि १८४३ मध्ये ती राजधानी असल्याचे जाहीर झाले ते सगळ्यात शेवटी. मुरगावचे याच्या उलट झाले.

पेडण्याकडून येणाऱ्या माझ्या रुग्णांशी हल्ली गोष्टी निघतात त्या मोप्याच्या. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. तुये येथे इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी जमीन घेऊन बरीच वर्षे झाली. कुणाच्या काजूच्या बागा गेल्या, कुणाच्या मुलाला नोकरी लागली. दोन्ही प्रकारची माणसे माझ्या बाकावर शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांशी वाद घालतात. मी नाडी बघतो, मत देत नाही. मात्र एक प्रश्न विचारतो, की नव्या वस्तीला पिण्याचे पाणी कुठून येणार आहे? उत्तर देणारा अजून भेटलेला नाही.

मुरगावला शेवटी दैव फळले, पण वेगळ्या रीतीने. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, बंदर बांधले गेले, आणि १८८८ पर्यंत घाट चढून जाणारी आगगाडी सुरू झाली. शेजारी वास्को वसले. राजधानी म्हणून नव्हे, तर माल चढविण्या-उतरविण्याचे ठिकाण म्हणून. पुढे आपल्या डिचोली, शिरगाव, पाळीच्या डोंगरांतले लोहखनिज बार्जांत भरून त्याच बंदरात जाऊ लागले. पावसाळ्यात मांडवीचे मुख बंद झाले की बार्जा कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत उतरत. या कालव्याकडे वळण्याआधी त्या जुवे बेटाजवळून जात, जिथे १६८३ च्या नोव्हेंबरात मराठे ओहोटीला उतरले होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा त्या बार्जा कित्येक वर्षे नदीकाठी गंजत उभ्या होत्या. मुरगावच्या किल्ल्याचे थोडे अवशेष अजून दिसतात. शहराचे म्हणून दाखवावे असे तिथे काही नाही.