मांजराची नसबंदी झाली, आता पुढे काय? पिंजऱ्यातल्या दोन रात्री आणि नंतरची देखभाल

भिवंडीत मांजर कुठे नसतं? यंत्रमागाच्या कारखान्यात, चिकनच्या दुकानामागे, राहनाळ-पूर्णाच्या गोदामांमध्ये. जिथे उंदीर आणि खरकटं, तिथे मांजर. मांजरी नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं दूध पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. चार-पाच महिन्यांचं पिल्लूही आई होऊ शकतं. म्हणून गल्लीतलं मांजर पकडायचं, नसबंदी करायची आणि परत सोडायचं, ही पद्धत जगभर वापरली जाते. पण इन्स्टाग्रामवरची रील बहुतेक वेळा ऑपरेशनपाशीच संपते.

पहिली रात्र

ऑपरेशन ठाण्यात किंवा मुंबईत झालं असेल, तर परतीच्या प्रवासात मांजर अर्धवट भुलीत असतं. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकणारच, हे धरून चला. पिंजरा सपाट ठेवा, वरून चादर टाका, पण हवा खेळती राहू द्या. भुलीमुळे मांजराला शरीराचं तापमान टिकवता येत नाही. त्यामुळे घरी आल्यावर पिंजरा थेट फरशीवर किंवा पंख्याखाली ठेवू नका. खाली वर्तमानपत्रांचे जाड थर घाला.

पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही देऊ नका, ठसका लागून पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. मांजर डोकं वर धरून नीट बसू लागलं की थोडं पाणी आणि थोडं खाणं द्या. दूध नको. मोठ्या मांजरांना ते बहुतेक वेळा पचत नाही आणि जुलाब झाले की पिंजरा साफ करणं अवघड होतं.

रस्त्यावरचं मांजर तुम्हाला हात लावू देणार नाही, गोळी तर लांबच. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा: मांजर माणसाळलेलं नाही, टाके विरघळणारे घाला, वेदनाशामक आणि अँटिबायोटिक इंजेक्शनमधूनच द्या.

तीन गोष्टी मात्र अजिबात करू नका. माणसांची पॅरासिटामॉल देऊ नका. ती मांजरासाठी जीवघेणी असते. पिंजरा फिनाईलने पुसू नका. मांजर पंजे चाटतं आणि ते विष पोटात जातं. जखमेवर हळद-तेल लावायला पिंजरा उघडू नका. मांजर निसटलं तर पुन्हा सापडणं कठीण.

कधी सोडायचं?

बोक्याला साधारण 24 तासांनी सोडता येतं. मांजरीचं पोट उघडलेलं असतं, तिला 48 तास तरी ठेवतात. सतत रक्त येणं, पुन्हा पुन्हा उलट्या, धाप लागणं किंवा खाणं पूर्ण बंद, यातलं काही दिसलं तर सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. मांजरी अंगावर पाजणारी असेल तर तिची पिल्लं कुठेतरी उपाशी आहेत. तिला किती लवकर सोडायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

या दोन दिवसांत मांजराने चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रेबीज मांजरामुळेही होतो.

कुठे सोडायचं?

जिथून पकडलं तिथेच. "मार्केटजवळ सोडलं तर खायला मिळेल" असं शेजारी सांगतात, हेतूही चांगला असतो. पण अनोळखी जागेत मांजराला लपायची बीळं माहीत नसतात, तिथली मांजरं हुसकावतात आणि ते जुन्या घराच्या शोधात रस्त्यावर येतं. नाशिक हायवेवर याचा शेवट काय होतो, हे सांगायला नको. उपाशी मरेल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र अवघा 10 ते 50 रुपये!

सोडल्यानंतर

भूल असतानाच मांजराच्या कानाचं टोक कापतात. ही नसबंदीची खूण. ती लांबून दिसते आणि त्याच मांजराला पुन्हा पकडून भूल देण्याची वेळ येत नाही. बोक्याच्या शरीरात काही आठवडे शुक्राणू शिल्लक असतात, त्यामुळे महिन्याभरात एखादी मांजरी गाभण दिसली तर ऑपरेशन फसलं असं समजू नका.

खाणं रोज ठरलेल्या वेळी द्या आणि अर्ध्या तासात ताटली उचला. सोसायटीतली निम्मी भांडणं उरलेल्या अन्नावरून होतात. पशु जन्म नियंत्रण नियम, 2023 मध्ये मालक नसलेल्या अशा प्राण्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटलं आहे. त्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी रहिवासी संघटना किंवा स्थानिक संस्थेवर टाकली आहे. म्हणजे जागेवरून वाद झाला तर बोलायला आधार आहे.

भिवंडीत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती उंदरांच्या विषाची. गोदामात ते ठेवलं जातं, उंदीर ते खाऊन सुस्तावतो आणि मांजराला आयती शिकार मिळते. यातली अनेक औषधं रक्त गोठू देत नाहीत. लक्षणं काही दिवसांनी दिसतात: हिरड्यांतून रक्त, फिकट तोंड, धाप. वेळेत नेलं तर व्हिटॅमिन के-1 ने वाचवता येतं. गोदामाच्या मॅनेजरला भेटून विषाऐवजी सापळा लावायला सांगा. मांजरांमुळे त्याचाही उंदरांचा त्रास कमी होतो, हा मुद्दा तिथे चालतो.

आणि ताटलीभोवतीचे कान मोजत राहा. एखादा अख्खा कान दिसला, तर नवीन मांजर आलं आहे. पिंजरा धुऊन तयार ठेवा.