पाच शिलिंगांचे पेन्शन आणि तिजोरीचा हिशेब

पेन्शन हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतही मराठीच होऊन बसला आहे. निवृत्त मास्तरांचे पेन्शन, फौजेतून परतलेल्या जवानाचे पेन्शन, निराधार म्हातारीला तहसील कचेरीतून मंजूर झालेले पेन्शन, अशी त्याची नाना रूपे आपण पाहतो. पैसे हाती पडले की घेणाऱ्याला समाधान वाटते, आणि ते योग्यच आहे. पण हा पैसा सरकारच्या तिजोरीत येतो कुठून? आणि आज दिलेल्या शब्दाचा भार वीस-तीस वर्षांनी कोणाच्या खांद्यावर पडतो? हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडात हा प्रश्न असा काही पेटला, की त्यातून एकाच वर्षात दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि उमरावांच्या सभेचे जुने अधिकार कायमचे गेले. ती हकीकत आज आपण पाहणार आहोत.

त्या वेळचे इंग्लंड म्हणजे साऱ्या जगावर राज्य करणारा धनाढ्य देश. पण तिथल्या गरीब म्हाताऱ्याची दशा काय होती? जन्मभर शेतावर किंवा गिरणीत राबून हातपाय थकले, की त्याने दोनच गोष्टी करायच्या. मुलांच्या तोंडाकडे पाहायचे, नाहीतर वर्कहाउसात जायचे. 1834 सालच्या कायद्याने ही दरिद्री लोकांची वसतिगृहे मुद्दाम कडक केलेली होती. नवऱ्याला एका भागात ठेवायचे, बायकोला दुसऱ्या. तिथे जाणे म्हणजे अब्रू जाणे, असे गरिबांना वाटे. चार्ल्स बूथ नावाच्या गृहस्थाने लंडनच्या दारिद्र्याची पाहणी केली आणि लोकांसमोर मांडले, की म्हातारपणीचे दारिद्र्य हे बहुधा आळसाचे किंवा व्यसनाचे फळ नसते. ते म्हातारपणाचेच फळ असते.

मग उपाय काय? दोन रस्ते दिसत होते. पहिला जर्मनीचा. तिथे बिस्मार्कने 1889 साली कायदा करून कामगार आणि मालक या दोघांकडून वर्गणी घेतली, त्यात सरकारने थोडी भर घातली आणि सत्तरीनंतर पेन्शन ठरवले. दुसरा रस्ता न्यूझीलंडचा. तिथे 1898 साली, वर्गणी न घेता, सामान्य करांच्या उत्पन्नातून गरीब म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झाले. वर्गणीच्या रस्त्यात हिशेब चोख राहतो, पण जे आजच म्हातारे आहेत त्यांनी वर्गणी कधी भरायची? आणि जी बाई जन्मभर घरातच राबली, तिची वर्गणी कोण भरणार? कराच्या रस्त्यात ही अडचण नाही. पण मग दरसाल तिजोरीतून पैसा काढावा लागतो, आणि म्हातारी माणसे वाढली की खर्चही वाढतो.

इंग्लंडच्या उदारमतवादी सरकारने दुसरा रस्ता धरला. योजना आखली अ‍ॅस्क्विथ यांनी. ते पंतप्रधान झाल्यावर अर्थखाते डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्याकडे आले, आणि कायदा पार पाडण्याचे काम त्यांनी केले. हे लॉइड जॉर्ज वेल्समधल्या एका खेड्यात, चांभारकी करणाऱ्या मामाच्या घरी वाढलेले. 1908 साली कायदा झाला आणि 1 जानेवारी 1909 पासून पेन्शन सुरू झाले. सत्तरी ओलांडलेल्या गरीब माणसाला आठवड्याला 5 शिलिंग. 20 शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे वर्षाला 13 पौंड पडले. ज्याचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला 21 पौंडांच्या आत, त्याला पूर्ण रक्कम. त्याहून जास्त असेल तर कमी कमी होत जाणारी. पैसे मिळायचे पोस्टात. म्हणजे दानधर्माच्या दारात उभे राहायला नको. शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे पोस्टात जायचे आणि आपले पुस्तक पुढे करायचे.

आता हिशेबाकडे वळू. सुरुवातीला असा अंदाज होता, की वर्षाला सुमारे 60 लाख पौंड लागतील. पण कायदा पार्लमेंटात असतानाच खर्च वाढू लागला. नवराबायको दोघे असतील तर दोघांना मिळून कमी द्यावे, असे आधी ठरले होते. ते सोडून द्यावे लागले. आणि प्रत्यक्ष वाटप सुरू झाले, तेव्हा आणखी एक गंमत झाली.

ती आयर्लंडात झाली. आयर्लंड तेव्हा इंग्लंडच्याच राज्यात होते. तिथे जन्माची सरकारी नोंद 1864 सालापासून सुरू झाली. म्हणजे 1909 साली सत्तरीच्या असणाऱ्या माणसाचा जन्मदाखला असणार कुठून? अधिकारी चर्चमधल्या वह्या पाहत, 1841 आणि 1851 च्या जनगणनेचे जुने कागद धुंडाळत. पण सर्वांत चालणारा पुरावा होता वादळाचा. 6 जानेवारी 1839 च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आले होते. ज्याला ते वादळ आठवते, तो सत्तरीचा असलाच पाहिजे! मग काय विचारता, गावोगाव वादळ आठवणारी माणसे निघाली. आपल्याला याचे नवल वाटायला नको. आपल्याकडेही जुनी माणसे वय विचारले की सांगतातच, 'कोयनेच्या भूकंपाला मी कळता होतो', 'बहात्तरच्या दुष्काळात थोरला कडेवर होता'. काहींनी वय वाढवून सांगितलेही असेल. पण कित्येकांना खरोखरच आपले वय ठाऊक नव्हते. एवढे खरे, की आयर्लंडात अर्जदारांची संख्या अंदाजाच्या पुष्कळ पुढे गेली. साऱ्या राज्यात मिळून पहिल्या काही महिन्यांतच सहा लाखांवर लोक पेन्शन घेऊ लागले. 1909 च्या अंदाजपत्रकात या एका बाबीचा खर्च 80 लाख पौंडांच्या वर गेला.

शिक्षकबंधूंनी मुलांना हे जरूर सांगावे. पेन्शनचा हिशेब हा दराचा जितका, तितकाच माणसे मोजण्याचा हिशेब आहे. माणशी किती द्यायचे हे सरकारच्या हाती असते. पण घेणारे किती निघतील आणि किती वर्षे जगतील, हे कायद्याने ठरत नाही. म्हणून जन्ममृत्यूची साधी गावची नोंदवहीसुद्धा देशाच्या तिजोरीचा पाया असते.

इकडे त्याच वर्षी जर्मनीच्या धास्तीने नव्या लढाऊ जहाजांचाही खर्च आला. दोन्ही मिळून सुमारे 1 कोटी 60 लाख पौंडांची तूट पडली. ती भरायची कशी? विरोधी हुजूर पक्षातल्या पुष्कळांचे म्हणणे होते, की परदेशी मालावर जकात बसवा. पण इंग्लंडचे धान्य परदेशातून यायचे. जकात बसली की पाव महागणार. म्हणजे म्हाताऱ्याला पाच शिलिंग द्यायचे आणि त्याच्याच ताटातून ते काढून घ्यायचे!

लॉइड जॉर्ज यांनी दुसरी वाट धरली. 29 एप्रिल 1909 रोजी त्यांनी अंदाजपत्रक मांडले. भाषण चार तासांवर चालले. गरिबीविरुद्ध लढाई करायची तर तिचाही खर्च उभा केला पाहिजे, असा त्यांचा सूर होता. मोठ्या उत्पन्नावर प्राप्तिकर वाढवला. वर्षाला 5,000 पौंडांच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर निराळा जादा कर बसवला. मोठ्या इस्टेटींवरचा वारसाकर चढवला. आणि सर्वांत खळबळ उडाली ती जमिनीवरच्या करांनी. मालकाने काही न करता, केवळ शेजारी शहर वाढले म्हणून जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीचा पाचवा हिस्सा सरकारला द्यावा, असे ठरले. गरिबांनाही मोकळे सोडले नाही. दारू आणि तंबाखू यांवरचा कर वाढला.

मोठमोठे जमीनदार खवळले. उमरावांच्या सभेत त्यांचेच बहुमत. पैशाच्या विधेयकात त्या सभेने मोडता घालू नये, असा जुना संकेत होता. तो बाजूला सारून 30 नोव्हेंबर 1909 रोजी उमरावांनी 350 विरुद्ध 75 मतांनी अंदाजपत्रक फेटाळले. जानेवारी 1910 मध्ये निवडणूक झाली. सरकारचे बहुमत घटले. आयरिश आणि मजूर सभासदांच्या टेकूवर ते उभे राहिले. तरी जनतेचा कौल पाहून उमराव नमले आणि अंदाजपत्रक मांडल्याला बरोबर एक वर्ष होताना, 29 एप्रिल 1910 रोजी, त्याचा कायदा झाला. डिसेंबरात पुन्हा निवडणूक झाली, ती उमरावांच्या अधिकारावर. अखेर 1911 च्या कायद्याने ठरले, की पैशाचे विधेयक उमरावांना एका महिन्यापलीकडे अडवता येणार नाही.

या गोष्टीचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो, बरं का. आपल्या राज्यघटनेत धनविधेयक राज्यसभेला किंवा राज्यातल्या विधान परिषदेला नाकारता येत नाही. 14 दिवसांत ते शिफारशींसह परत करावे लागते. कराचा शेवटचा शब्द लोकांनी निवडलेल्या सभेचा, हे तत्त्व त्यामागे आहे. त्या तत्त्वाची मोठी झुंज म्हाताऱ्यांच्या पाच शिलिंगांच्या निमित्ताने झाली.

मग लॉइड जॉर्ज यांचा सगळा हिशेब बरोबर निघाला का? नाही. ज्या जमीनकरांवरून एवढे रण माजले, त्यांतून वसुलीपुरतेही धड उत्पन्न येईना. 1920 साली ते रद्द झाले. पेन्शन मात्र राहिले आणि वाढत गेले. 1925 साली इंग्लंडने त्याला वर्गणीच्या पेन्शनची जोड दिली. 1942 साली विल्यम बेव्हरिज यांनी, ज्यांचा जन्म तेव्हाच्या बंगालमधल्या रंगपूरचा, नवी योजना सुचवली. पूर्ण पेन्शन एकदम देऊ नका, वर्गणी साठत जाईल तसे 20 वर्षांत चढवत न्या, असे त्यांचे म्हणणे होते. पण युद्धातून होरपळून निघालेल्या म्हाताऱ्यांना वीस वर्षे थांबा म्हणणार कोण? मजूर सरकारने 1946 साली पूर्ण दर लगेच लागू केला. तेव्हापासून तिथे साठा फारसा राहिला नाही. आज कमावणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांचे पेन्शन भागते. तरुण पुष्कळ आणि म्हातारे थोडे असतील तोवर हे सुखाने चालते. उलटे होऊ लागले, की वर्गणी वाढवा, वय वाढवा, नाहीतर कर वाढवा, हे तीनच उपाय उरतात.

आपल्या देशातही हाच पेच आला. सरकारी नोकरांचे जुने पेन्शन दरसालच्या करांतून दिले जाई. केंद्राने 1 जानेवारी 2004 पासूनच्या नव्या नोकरांसाठी, लष्कर वगळून, वर्गणीची पद्धत आणली. महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून. नव्या पद्धतीत साठा झाला, पण हाती किती पडेल याचा भरवसा उरला नाही. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातल्या शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी संप केला, तो याच धास्तीतून. 1 एप्रिल 2025 पासून केंद्राने ठरावीक पेन्शनाची हमी आणि वर्गणी यांचा मेळ घालणारी आणखी एक योजना आपल्या नोकरांपुढे ठेवली. भरवसा हवा तर त्याची जोखीम सरकार उचलते, म्हणजे उद्याचा करदाता उचलतो. जोखीम सरकारने उचलली नाही, तर ती म्हाताऱ्याच्याच डोक्यावर राहते. ती नाहीशी कोणीच करत नाही.

श्रोतेहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. पण म्हाताऱ्याचे पाय थंडीत उघडे ठेवणे हाही काही उपाय नव्हे. अंथरूण मोठे करावे लागते, आणि त्याचे कापड कोणीतरी द्यावे लागते. लॉइड जॉर्ज यांचे काही कर चुकले, अंदाज चुकले. पण पेन्शन दिल्यावर पैसा कोणाकडून घेणार, हे त्यांनी भर सभेत नाव घेऊन सांगितले आणि त्यावर लोकांचा कौल मागितला. उद्या कोणीही आपल्या दारी येऊन पेन्शनचे वचन दिले, तर ते आनंदाने ऐकावे. मात्र त्याच बैठकीत दोन प्रश्न विचारावेत : माणसे किती मोजलीत? आणि कर कोणावर बसवणार? उत्तर नसेल, तर ते देणे आज पाटीदप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या पोरांच्या नावावर लिहिले गेले आहे, असे समजावे.