एक गेलं तर...

येलदरी म्हणजे आम्हा जिंतूरकरांचं पावसाळ्यात दरवाजे उघडले की बघायला जायचं धरण. पूर्णेवरच्या या धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे : 7.5 मेगावॅटचे तीन संच, एकूण 22.5. लोडशेडिंगच्या दिवसांत, 2005-06च्या उन्हाळ्यात, आमच्याकडे रात्रीची जेवणं कंदिलावर व्हायची. आजोबांचा ठरलेला प्रश्न असे, "लाईट आपल्या तालुक्यात तयार व्हतीय, मंग अंधार आपल्याच घरी कामून?"

उत्तर फार उशिरा कळलं. येलदरीची वीज जिंतूरची नसते, ती राज्याच्या जाळ्यात जाते. त्या जाळ्याचा तोल ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र सांभाळतं. उन्हाळ्याआधीच्या नियोजनाचा पाया एकच : कोणतीही एक वाहिनी, एक रोहित्र किंवा एक संच अचानक गेला, तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे. इंजिनिअर याला 'एन उणे एक' म्हणतात. उन्हात तारा तापून लोंबतात, त्यांची क्षमता घटते; म्हणून दुरुस्त्या आधीच उरकायच्या. दुरुस्तीला एक वाहिनी बंद ठेवली, की हिशोबातला 'एक' तिथेच खर्च होतो. 12 ऑक्टोबर 2020ला कळवा-पडघा मार्गावर हेच घडलं. एका सर्किटची दुरुस्ती चालू, सगळा भार दुसऱ्यावर, आणि त्यातच बिघाड. मुंबई थांबली. त्याची बातमी देशभर झाली, हे सांगायला नकोच.

पण आमच्याकडे एकेक करून काही जात नाही. फेब्रुवारी 2013मध्ये परळीचं 1130 मेगावॅटचं औष्णिक केंद्र बंद पडलं, ते कोळशावाचून नव्हे. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणीच उरलं नव्हतं. पाच संच, कारण एक. दुष्काळात जलविद्युतही आटते, आणि विहिरी खोल गेल्या की तेवढ्याच पाण्यासाठी पंप जास्त वेळ चालतात. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, दोन्ही एकाच न पडलेल्या पावसामुळे. 'एन उणे एक' मध्ये हे बसत नाही.

मग नियोजनाचा दुसरा भाग उघडतो, ज्याबद्दल कमी बोललं जातं : अंधार कुणाला द्यायचा. राज्यात लोडशेडिंगचे तास फीडरनिहाय गळती आणि वसुली बघून ठरू लागले, गटांना इंग्रजी अक्षरं मिळाली. तर्क चुकीचा म्हणता येत नाही. वीज कमी असेल, तर पैसे येतात तिकडे ती आधी जाणार.

आजोबा बिल आलं की दुसऱ्याच दिवशी भरायचे, पावत्या तारेत ओवून ठेवायचे. फीडर मात्र सगळ्या गल्लीचा एकच होता.