कलम ५६ आणि पापडी नाक्यावरची बँक

आमच्या वसईत पापडी नाक्यावर उतरून कुणालाही 'कॅथलिक बँक कुठे' असं विचारलंत, तर तो समोरच बोट दाखवेल. बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. मुख्य कार्यालय इथलंच, पापडीचं. आमच्या भागातल्या कित्येकांचं पहिलं खातं इथलं. माझ्या वयाचे बरेच जण मात्र पगार खाजगी बँकेत घेतात आणि 'को-ऑपरेटिव्ह' शब्द ऐकला की जरा दचकतात. म्हणतात, "पीएमसीसारखं झालं तर?"

दचकणं साहजिक आहे. पण २०१९ नंतर या बँकांचा कायदा किती बदललाय हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि तो का बदलला हे समजून घ्यायचं तर थेट पेशवाई संपल्यानंतरच्या सावकारीपर्यंत मागे जावं लागतं. तर मंडळी, आज जरा इतिहास.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. त्यांना हवे होते कर्जाचे कागद, आणि ते त्यांनी जाळले. हेच ते दख्खनचे दंगे. सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, पण कायद्याने सावकार थोडा आवरला तरी बी-बियाण्याला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर जर्मनीत सापडलं होतं. तिथे रायफायझन आणि शुल्झे-डेलिच या दोघांनी गावकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या पतपेढ्या उभ्या केल्या होत्या. आपल्याकडे बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्येच 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू केली होती, कायदा वगैरे काही नसताना! कायदा आला १९०४ मध्ये, आणि १९१२ मध्ये तो सुधारला गेला.

याच लाटेत १९१८ मध्ये पापडीची संस्था उभी राहिली. संस्थापक मोन्सेन्योर पी. जे. मोनीस, म्हणजे एक धर्मगुरू. आजूबाजूला केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या, भाजीचे मळे. माल मुंबईला जायचा, पण हंगामाआधी हातात पैसा नसायचा. गंमत बघा, त्याच वर्षी मुंबईत गिरगावात सारस्वत बँकेची सुरुवात झाली. अशा संस्थांमध्ये एकमेकांना ओळखणारी माणसं आपलीच बचत आपल्यातल्याच गरजूला देत. हमी असायची ती ओळखीची. आणि नियम एक: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

आता आमच्या भाषेत सांगायचं तर इथेच आर्किटेक्चरमध्ये एक गोची शिरली. १९१९ च्या सुधारणांनी 'सहकार' हा विषय प्रांतांकडे गेला. पुढे राज्यघटनेतही सहकारी संस्था राज्याच्या यादीत आणि बँकिंग केंद्राच्या यादीत असंच राहिलं. मग सहकारी बँक नक्की कुणाची? तिची नोंदणी, निवडणुका, संचालक मंडळ हे सगळं सहकार निबंधकाकडे. ठेवींचं मात्र काय? रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये आली, बँकिंग नियमन कायदा १९४९ मध्ये आला, आणि तरी सहकारी बँका त्यातून बाहेरच!

१ मार्च १९६६ पासून तो कायदा त्यांना लागू झाला. पण कसा? मूळ कायद्याला एक नवा भाग जोडला, त्यात कलम ५६. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. ती चक्क एक पॅच फाइल आहे. 'सहकारी बँकांसाठी अमुक कलमात तमुक शब्द असे वाचावेत, हे कलम वगळावं, ते असं बदलावं...' पानंच्या पानं! आणि वगळलेल्यात महत्त्वाचं बरंच काही होतं: संचालकांची पात्रता, मुख्य अधिकाऱ्याच्या नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची मंजुरी, विलीनीकरण. म्हणजे सर्व्हर एक, अ‍ॅडमिन दोन. एकाकडे लॉग बघायचा अधिकार, दुसऱ्याकडे पासवर्ड बदलायचा. बिघाड झाला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार.

ठेव विम्याचंही तेच. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला, सुरुवातीला १,५०० रुपयांपर्यंत. सहकारी बँकांचा नंबर लागायला १९७१ उजाडलं. १९९३ मध्ये मर्यादा एक लाख झाली आणि २०२० पर्यंत तिथेच अडकून राहिली.

या दुहेरी कारभाराची किंमत कुणी मोजली? पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं ठेवीदार नुसते वाट बघत होते. मग २३ सप्टेंबर २०१९. पीएमसी बँक. ११ हजार कोटींहून जास्त ठेवी, आणि खातेदाराला सुरुवातीला काढता येणार होते फक्त १,००० रुपये! एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाकडे बँकेचं सुमारे ७३ टक्के कर्ज अडकलेलं होतं आणि ते लपवण्यासाठी २१,०४९ खोटी कर्जखाती दाखवली होती, असं तपासात पुढे आलं. आकडा परत वाचा. २१,०४९. इतका डमी डेटा टेस्टिंगलासुद्धा कुणी बनवत नाही, आणि तो तपासणीतून सुटत राहिला. (पीएमसी अनेक राज्यांत पसरलेली, त्यामुळे तिचा निबंधक दिल्लीचा. म्हणजे अ‍ॅडमिन आणखीच लांब.)

मग चक्रं हलली. फेब्रुवारी २०२० मध्ये विमा पाच लाखांचा झाला. जूनमध्ये वटहुकूम आणि सप्टेंबरमध्ये कायदा येऊन कलम ५६ मधली बरीच वगळणी काढून टाकली गेली. आता निम्म्याहून जास्त संचालक बँकिंग, हिशेब, कायदा, सहकार अशा क्षेत्रांतले जाणकार हवेत. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला रिझर्व्ह बँकेची मंजुरी हवी. संचालकाला सलग आठ वर्षांची मर्यादा, जी ऑगस्ट २०२५ पासून दहा झाली. सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याचे पैसे ९० दिवसांत मिळायची तरतूद झाली.

फरक पडला का? पीएमसीची सुटका युनिटी स्मॉल फायनान्स बँकेतल्या विलीनीकरणाने झाली, जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे २८ महिन्यांनी. तीही अशी की मोठ्या ठेवीदारांचे उरलेले पैसे दहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने. उलट १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तिजोरीतून १२२ कोटींची रोकड गायब झाल्याचं उघड झालं, आणि ४ ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीनही झाली. सहा महिन्यांच्या आत. तेही वाईटच, पण २८ च्या तुलनेत सहा हा आकडा खातेदाराच्या रक्तदाबाला विचारा.

या सगळ्याला विरोधही झाला. काही सहकारी बँका कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सगळंच मुंबईतून ठरणार असेल तर सहकार उरला कुठे? १९१८ मध्ये पापडीत संस्था काढणाऱ्यांना आजच्या पात्रतेच्या चाळणीतून जावं लागलं असतं तर ती निघाली असती का? मलाही शंका आहे. पण तेव्हा कर्ज घेणारा आणि ठेव ठेवणारा एकाच बाजारात भेटत होते. आज वसई-विरारची महापालिका आहे, इमारतीतल्या शेजाऱ्याचं आडनाव आपल्याला माहीत नसतं. ओळखीच्या हमीची जागा कुठल्यातरी नियमाला घ्यावीच लागणार. माझं मत कायद्याच्या बाजूने आहे ते म्हणूनच.

एक गोष्ट मात्र कायद्याने तशीच ठेवली आहे: एका सभासदाला एक मत. आपल्यापैकी कितीतरी जणांकडे आजोबांच्या किंवा वडिलांच्या काळापासूनचे कुठल्या ना कुठल्या सहकारी बँकेचे शेअर पडून आहेत. वार्षिक सभेला आपण जात नाही, आणि अहवाल आला की रद्दीत टाकतो. यंदा तो उघडा. निव्वळ एनपीए किती, भांडवल पर्याप्तता किती, कर्ज एकाच क्षेत्रात साचलंय का, एवढं बघायला अर्धा तास पुरतो. समजलं नाही तर सभेत उभं राहून विचारा. म्युच्युअल फंड निवडताना आपण याहून जास्त वेळ घालवतो, आणि तिथे तर आपल्याला मतही नसतं.